डॉ. एडवर्ड अँगल यांचा दंतव्यंगोपचारशास्त्रातील वारसा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या दंतव्यंगोपचारशास्त्राला, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्सला, स्वतंत्र शाखेची प्रतिष्ठा अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल (१८५५-१९३०) यांनी मिळवून दिली. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे या विषयाचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले. मात्र त्यांचा गौरव करताना त्यांच्या विचारातील कोणता भाग टिकला आणि कोणता गळून पडला, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
१८९९ मध्ये अँगल यांनी वरची कायमची पहिली दाढ प्रमाण मानली आणि खालची दाढ तिच्याशी योग्य जुळते, मागे राहते की पुढे येते, यावरून तीन वर्ग केले. या सुटसुटीतपणामुळे जगभरच्या दंतवैद्यांना समान परिभाषा लाभली. तथापि हे वर्गीकरण केवळ पुढे-मागे असलेले अंतर पाहते. जबड्याची उंची, रुंदी व हाडांची ठेवण त्यात येत नाही.

याहून गंभीर आक्षेप त्यांच्या सौंदर्यकल्पनेवर आहे. आरंभी त्यांनी अपोलोच्या शिल्पातील चेहरा आदर्श मानला. चित्रकार एडमंड वुर्पेल यांनी सर्वांना लागू पडेल असा एकच आदर्श चेहरा नसतो हे पटवल्यावर त्यांनी तो सोडला. पण सर्व दात राखून जुळणी साधली की चेहरा आपोआप सुडौल होतो, हा आग्रह कायम ठेवला. दात काढण्यास अनुकूल असलेल्या कॅल्विन केस यांच्या मताला १९११ च्या वादात अँगल यांच्या अनुयायांनी कडाडून विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड व रेमंड बेग यांना उपचारानंतर दात पुन्हा सरकल्याचे आढळले. त्यांनी गरजेनुसार उपदाढा काढण्याचा मार्ग स्वीकारला. साधन मात्र गुरूंचेच ठेवले. ट्वीड यांनी चौकोनी तारेची पद्धत वापरली, तर बेग यांनी अँगल यांच्याच जुन्या रचनेत बदल केला.

भारतात १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. बदलापूरसारख्या शहरातील दवाखान्यातही आज दातांना तारा बसवताना अँगल यांचेच वर्ग नोंदवले जातात. मात्र पाश्चात्त्य चेहऱ्यांवरून ठरलेली मापे भारतीय चेहऱ्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत, हे येथील संशोधकांनी दाखवले आहे.

निष्कर्ष :
अँगल यांची परिभाषा व साधने टिकली. त्यांचा अंतिम निर्णय टिकला नाही. शिष्यांनी गुरूंची पद्धत वापरूनच गुरूंचे मत तपासले, यातच या वारशाचे खरे सामर्थ्य आहे.