पेजर व आरंभीचे भ्रमणध्वनी : स्मरणरंजनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतात आलेली पेजर व आरंभीचे भ्रमणध्वनी ही यंत्रे आज संग्राह्य वस्तू झाली आहेत. ‘नोकिया ३३१०’ हा मूळचा २००० सालचा संच २०१७ मध्ये नव्या रूपात पुन्हा बाजारात आणण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाने नोकियाच्या रचनाविषयक साहित्याचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. या यंत्रांविषयीच्या लेखनात ‘क्लासिक’, म्हणजेच ‘अभिजात’, हे विशेषण आता सर्रास योजले जाते. साहित्याच्या अभ्यासकांना हा शब्द अपरिचित नाही. परंतु तो वापरताना कृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर झाले, हे सांगण्याची जबाबदारीही येते. यंत्रांच्या बाबतीत ती पाळली जात नाही.

प्रस्तुत लेखात या स्मरणरंजनाची चिकित्सा करावयाची आहे. संभाषणाचा दर आणि पडद्यावर उमटू शकणारी लिपी या दोन मर्यादांनी या यंत्रांना त्यांचे सामाजिक रूप दिले. त्या मर्यादा वगळून केलेले सिंहावलोकन केवळ कवचाचे वर्णन ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. ‘अभिजात’ या विशेषणाची व्याप्ती

मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हातात धरता येणाऱ्या भ्रमणध्वनीच्या प्रारूपावरून पहिले जाहीर संभाषण केले. त्या प्रारूपातून पुढे मोटोरोला कंपनीचा ‘डायनाटॅक ८०००एक्स’ हा संच तयार झाला व १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत व्यापारी परवानगी मिळाली. त्याचे वजन पाऊण किलोहून अधिक होते, एकदा भारित केल्यावर सुमारे अर्धा तास बोलता येत असे आणि किंमत ३,९९५ डॉलर होती. हे आकडे आज गमतीने सांगितले जातात.

अशा लेखनात दोन परस्परविरोधी निकष एकत्र नांदताना दिसतात. प्रगतीच्या निकषावर जुना संच हास्यास्पद ठरतो, तर आठवणीच्या निकषावर तोच प्रिय ठरतो. दोन्ही निकषांची दृष्टी मात्र वस्तूवरच खिळलेली असते. २०१७ च्या ‘३३१०’ मध्ये रंगीत पडदा व कॅमेरा आला. जुनी वळणदार ठेवण आणि सापाचा खेळ यांची आठवण तेवढी जपली गेली. निर्मात्यांना मूळ संचाचे सत्त्व कोठे आहे असे वाटले, हे या निवडीवरून उघड होते. त्या संचावर माणसे काय बोलत होती, किती वेळ बोलत होती आणि कोणत्या लिपीत लिहीत होती, हे प्रश्न अशा पुनरुज्जीवनात उपस्थितच होत नाहीत.

३. पेजर : तिसऱ्या व्यक्तीच्या हातून जाणारा संदेश

पेजरचा उगम वैद्यकीय गरजेशी निगडित आहे. अल ग्रॉस यांच्या १९४९ च्या शोधाचा उपयोग १९५० पासून न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात डॉक्टरांना पाचारण करण्यासाठी होऊ लागला. भारतातील मोठ्या शहरांत ही सेवा १९९५ च्या सुमारास सुरू झाली आणि भ्रमणध्वनी स्वस्त होताच काही वर्षांत ओसरली.

पेजर केवळ संदेश स्वीकारणारे यंत्र होते. अक्षरी पेजरवर निरोप पाठवावयाचा झाल्यास दूरध्वनीवरून सेवाकेंद्राला तो सांगावा लागे. तेथील कर्मचारी तो टंकलिखित करी आणि मग तो रेडिओलहरींद्वारे धारकाच्या कमरेला अडकविलेल्या यंत्रावर उमटे. उत्तर देण्यासाठी धारकाला दूरध्वनी शोधावा लागे. म्हणजे खाजगी निरोपसुद्धा एका अनोळखी व्यक्तीच्या कानावरून आणि बोटांतून जात असे. मजकूर आटोपशीर व तिऱ्हाईताला सांगता येईल असाच ठेवणे भाग होते. सर्वसाधारण पेजरच्या पडद्यावर रोमन लिपीच उमटत असल्याने मराठीत सांगितलेला निरोप एक तर इंग्रजीत रूपांतरित होई किंवा रोमन अक्षरांत लिहिला जाई. तारेच्या संक्षिप्त भाषेशी त्याचे असलेले नाते स्पष्ट आहे.

जपानमधील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९९० च्या दशकात शाळकरी मुलींनी केवळ अंक दाखविणाऱ्या पेजरमधून भाषा घडविली. जपानी अंकांच्या उच्चारांचा आधार घेऊन ४६४९ म्हणजे ‘योरोशिकु’ (लोभ असावा, या अर्थाचा उपचार) असे संकेत रूढ झाले. यंत्रात लिपी नव्हती, तरी वापरणाऱ्यांनी भाषेची वाट काढली. यंत्राचे मूल्यमापन करताना ही वाट जमेस धरावी लागते. ती यंत्राच्या छायाचित्रात दिसत नाही.

४. दर आणि मौनाची भाषा

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यात झाले. मुंबईसह चार महानगरांपासून या सेवेचा आरंभ झाला. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार द्यावा लागे आणि आलेल्या संभाषणासाठीही पैसे मोजावे लागत. मे २००३ पासून आलेले संभाषण निःशुल्क झाले.

आज हातात घेतलेल्या जुन्या संचातून हा दर जाणवत नाही. तेव्हा मात्र प्रत्येक वाक्याला किंमत होती आणि त्यातूनच ‘मिस्ड कॉल’ ही स्वतंत्र संकेतव्यवस्था विकसित झाली. ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘आता तू फोन कर’ हे सारे अर्थ न उचललेल्या घंटीत सामावत. या संकेताचा अर्थही दराबरोबर पालटला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. २००३ पूर्वी मिस्ड कॉल दोघांचाही खर्च वाचवीत असे. त्यानंतर परत फोन करणाऱ्यावर सारा भार पडू लागला. त्यामुळे मिस्ड कॉल कोणी द्यावा आणि परत फोन कोणी करावा, यात वय, मिळकत व नाते यांची उतरंड प्रकट होऊ लागली. संच तोच राहिला, पण व्यवहाराचा अर्थ बदलला. केवळ संचाच्या आधारे लिहिलेल्या इतिहासात हा बदल नोंदविला जाणार नाही.

५. लिपीचा प्रश्न

जीएसएम प्रणालीतील एका लघुसंदेशात १४० बाइट मजकूर मावतो. सात बिटांच्या मूळ वर्णसंचात लिहिल्यास त्यातून १६० अक्षरे मिळतात. या वर्णसंचात रोमन अक्षरांबरोबर युरोपीय भाषांतील विशेष अक्षरे आहेत, ग्रीक लिपीतील दहा मोठी अक्षरेही आहेत. देवनागरीचे एकही अक्षर नाही. देवनागरीसाठी सोळा बिटांची संकेतपद्धती वापरावी लागते व तेव्हा मर्यादा ७० चिन्हांवर येते. त्यातही काना, वेलांटी व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द रोमनमध्ये नऊ अक्षरांत लिहिता येतो, म्हणजे १६० पैकी नऊ. देवनागरीत त्याची दहा चिन्हे होतात, म्हणजे ७० पैकी दहा. संदेशाचा एक-सप्तमांश भाग एकाच शब्दाने व्यापला जातो. लांब मजकूर एकाहून अधिक संदेशांत विभागला जाई आणि आकारणी प्रत्येक संदेशामागे होत असे.

शिवाय संचात देवनागरीची सोय असणेही आवश्यक होते. नोकियाने भारतात हिंदी मेनू असलेला संच २००० मध्ये आणला. हिंदी लघुसंदेशाची सोय अनेक संचांवर २००४ मध्ये आली. ‘भारतासाठी बनविलेला’ म्हणून गाजलेला ‘नोकिया ११००’ (२००३) विजेरी व धूळरोधक कळफलक यांसाठी आजही वाखाणला जातो. ही प्रशंसा रास्त आहे. वीजटंचाई व धूळ यांची दखल रचनाकारांनी घेतली; लिपीची दखल मात्र सावकाश घेतली गेली.

या पार्श्वभूमीवर, ‘एसएमएसच्या भाषेने मराठी बिघडविली’ हे २००० च्या दशकात अध्यापकवर्गातून वारंवार झालेले विधान पुन्हा तपासावे लागते. रोमन लिपीतील तुटक मराठीत विद्यार्थ्यांची अनास्था मुळीच नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेथे स्वतःच्या लिपीत लिहिणे अर्ध्याहून कमी जागेत आणि अधिक दराने करावे लागत होते, तेथे सारा दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होते. पडद्यावर देवनागरी सुलभ झाल्यानंतरही रोमन मराठीची सवय अनेकांत टिकून राहिली. तिची मुळे शोधताना या आरंभीच्या मर्यादांकडे पाहावेच लागेल.

६. समारोप

आरंभीच्या संचांची स्मृती अत्यल्प होती. सिमकार्डावर मोजकेच संदेश मावत. नवा संदेश येण्यासाठी जुना पुसावा लागे. त्यामुळे संग्रहालयातील संच सुस्थितीत असला तरी त्यावरील लेखन बहुतांशी नष्ट झालेले आहे. एका पिढीचा दैनंदिन पत्रव्यवहार असा हरवला आहे.

म्हणून संचांबरोबर त्या काळातील दरपत्रके, रिचार्ज कूपने, वापराच्या पुस्तिका, सेवाकेंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या आठवणी आणि वह्यांत उतरवून ठेवलेले संदेश यांचे संकलन व्हावयास हवे. पेजर कंपन्यांतील कर्मचारी व पहिल्या पिढीचे ग्राहक आज आपल्यात आहेत. भाषा, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम अल्प खर्चात करता येईल. ‘अभिजात’ हे विशेषण द्यावयाचे की नाही, याचा निर्णय ही सामग्री हाती आल्यावर घेणे अधिक न्याय्य ठरेल.