प्लासेन्सियाचा टागालोग-वृत्तांत : एका विसंगतीचा विचार

हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने फिलिपाइन्समधील टागालोग लोकांच्या चालीरीतींचा वृत्तांत १५८९ साली स्पॅनिश गव्हर्नर सान्तियागो दे वेरा याजकरिता लिहिला. या वृत्तांतातील सर्वांत मार्मिक विवेचन 'अलिपिन' या वर्गासंबंधी आहे. 'नामामाहाय' अलिपिन स्वतःच्या घरात राहतो, स्वतःची मालमत्ता बाळगतो, शेतीचा अर्धा वाटा धन्यास देतो. त्यास विकता येत नाही. 'सागिगिलिद' अलिपिन धन्याच्या घरी व शेतावर राबतो आणि त्याची विक्री होऊ शकते. परंतु दाव्यात अमुक मनुष्य अलिपिन आहे एवढे सिद्ध झाले, की तो दोहोंपैकी कोणता हे पुढे ठरविलेच जात नसे. परिणामी नामामाहायांच्या मुलांनाही सागिगिलिद म्हणून राबविले जाई. ही तक्रार खुद्द प्लासेन्सियाचीच आहे. विशेषण गाळल्याने मनुष्याचे स्वातंत्र्य जाते, हे त्याने नेमके ओळखले होते.

धर्मविषयक भागात मात्र हे भान सुटते. तेथे तब्बल बारा देशी संज्ञा 'सैतानाचे पुरोहित' या एकाच सदरात कोंबल्या आहेत. काटालोनान हे यज्ञकर्म करणाऱ्या पुरुषाचे वा स्त्रीचे पद. ते प्रतिष्ठेचे असून बहुधा वरिष्ठांकडे असे, हे प्लासेन्सियाच सांगतो. त्याच पंक्तीत वशीकरणाची औषधे करणारा येतो आणि उडत जाऊन माणसे मारून खाणारा ओसुआंगही येतो! हा ओसुआंग बिसाया बेटांतला, टागालोगांत नाही, अशी पुस्ती लेखक जोडतो. तरी यादीतून त्यास वगळीत नाही. येथे पद, धंदा आणि दंतकथा यांतील भेद पुसला गेला आहे. धर्मांतराच्या कार्यास त्या भेदाची गरज नव्हती, न्यायदानास होती, असेच याचे कारण दिसते.

तथापि प्लासेन्सियाने मूळ शब्द टिपून ठेविले, हे त्याचे ऋण मोठे. सदरे त्याची, पण शब्द टागालोगांचे. आणि ते शब्द अनेकदा सदरांविरुद्धच साक्ष देतात. विल्यम हेन्री स्कॉट यांचा 'बारांगाय' (१९९४) हा ग्रंथ जुन्या स्पॅनिश कोशांतील अशाच शब्दांच्या आधारे सोळाव्या शतकातील समाजाचे चित्र उभे करतो. टागालोगांना मंदिरे नाहीत, असे विधान करून प्लासेन्सिया लगेच 'सिम्बाहान', म्हणजे पूजास्थान, हा त्यांचाच शब्द देतो. 'पांदोत' नामक उत्सव प्रमुखाच्या मोठ्या घरात होई, असेही सांगतो. मंदिर म्हणजे स्वतंत्र वास्तू, ही त्याची धारणा. टागालोग भाषेत आज ख्रिस्ती चर्चला 'सिम्बाहान' असेच म्हणतात.