निळू फुले आणि ‘खलनायक’ नावाचा रकाना

चरित्र अभिनेत्यावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी काय करतो? चित्रपटांची यादी काढतो, एक्सेल उघडतो आणि रकाने पाडतो : साल, दिग्दर्शक, भूमिकेचा प्रकार. निळू फुले यांच्या बाबतीत हा तिसरा रकाना दगा देतो. पाटील, सरपंच, पुढारी... सगळ्यांपुढे ‘खलनायक’ लिहून मोकळं होता येतं. आमच्या मोशीत कुणी निळूभाऊंची नक्कल केली, तर तीही याच रकान्याची असते.

आता जब्बार पटेलांचा ‘सामना’ बघा. १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता तो. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट, पण दारुड्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) तो आधी धमकावत नाही. घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. निळूभाऊंनी हा पाहुणचार अगदी मनापासून केलाय, आणि भीती नेमकी तिथेच वाटते. मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारायला लागतो, तेव्हा त्या आदरातिथ्याला तडे जाताना दिसतात. ‘खलनायक’ एवढंच लिहिलंत की हे सगळं गेलं! १९९७ साली महापालिकेत आलेल्या आमच्या गावात उपकार आणि सत्ता यांचं नातं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

‘सिंहासन’ (१९७९) मध्ये दिग्दर्शक तोच, पटकथाही तेंडुलकरांचीच. पण इथे निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस आहेत. दिगू बराच वेळ नुसता ऐकतो. ऐकणं हाही अभिनय असतो, हे तपासायचं असेल तर बोलणाऱ्याकडे नाही, दिगूकडे बघत सिनेमा पुन्हा लावा. हिंदुरावाकडे सत्ता आहे आणि तो ती झाकतो. दिगूला सगळं ठाऊक आहे आणि हातात काहीच नाही. म्हणून माझ्या तक्त्यात आता ‘प्रसंगात सत्ता कुणाकडे?’ असा रकाना आहे. ‘सारांश’ (१९८४) मधला गजानन चित्रे त्यात घालून बघा. तिथे मला धाक दिसतो, पाहुणचार नाही.

‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मात्र याच तक्त्यात कोंबू नका. रंगमंचावरचा तो प्रयोग सिनेमासारखा थांबवून बघता येत नाही. परीक्षणं आहेत, आणि पाहिलेली माणसं आहेत. तेव्हा विशीत असलेला प्रेक्षक आज सत्तरीच्या पुढे गेलाय. मुलाखती आधी घ्या, एक्सेल नंतर.