कागदावरचा मालक, वाळवंटातला माणूस
(बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम्’ या मल्याळम कादंबरीविषयी)

परदेशी नोकरीवर लिहिलेले साहित्य बहुधा दोन टोकांना जाते. एक तर ते घामाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या घराचे कौतुक करते, नाही तर ताटातुटीचे अश्रू गाळते. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न सुटून जातो : ज्या कागदाच्या बळावर माणूस विमानात बसतो, तो कागद त्याला नेमके काय करून टाकतो? ‘आडुजीवितम्’ने हा प्रश्न विचारला आहे, म्हणून आम्हांला ही कादंबरी मोलाची वाटते.

‘आडू’ म्हणजे शेळी. ‘आडुजीवितम्’ म्हणजे शेळीचे जिणे. ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली आणि २००९ चा केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला लाभला. जोसेफ कोयिप्पळ्ळी यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१२ साली आला. बेन्यामिन १९९२ पासून २०१३ पर्यंत बहारीनमध्ये नोकरीस होते. तेथेच त्यांना भेटलेल्या एका मजुराच्या अनुभवावर ही कथा आधारलेली आहे. लेखक स्वतः आखातात राहिलेला असल्याने तेथील जीवनाचे नवल त्याला वाटत नाही, आणि नवल नसल्यामुळेच त्याचे निवेदन विश्वसनीय होते.

कथानायक नजीब हा केरळातील नदीत बुडी मारून वाळू काढणारा मजूर. पत्नी गरोदर आहे. त्याची स्वप्ने आपल्या ओळखीची आहेत : फ्रीज, टीव्ही, सोन्याचे घड्याळ. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने कामगारभरती करणाऱ्या एजंटांना सरकारी नोंदणी बंधनकारक केली होती. परंतु नजीबला व्हिसा मिळतो तो ओळखीतून. जेथे ओळखीचा माणूस मध्ये असतो तेथे कोणी कागद वाचून पाहत नाही, ही गोष्ट लेखकाने फारसे भाष्य न करता दाखविली आहे. रियाधच्या विमानतळावर एक अरब येतो, नजीबला आणि त्याच्यासोबतच्या हकीमला गाडीत घालतो आणि वाळवंटात नेऊन सोडतो. पाण्यात जगलेल्या माणसाला येथे अंग धुण्यापुरतेही पाणी मिळत नाही. कोरडी खुबूस रोटी, शेळ्यांचा कळप आणि ‘अरबाब’ म्हणजे मालक, एवढेच त्याचे जग उरते.

आखाती देशांत या व्यवस्थेला ‘कफाला’ म्हणतात. परक्या कामगाराला तेथे एक पुरस्कर्ता, म्हणजे कफील, असावा लागतो. कादंबरीतील काळात सौदी अरेबियात त्या कफीलाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे आणि देशही सोडता येत नसे. काम टाकून निघून गेलेला मजूर फरारी ठरे. म्हणूनच कादंबरीच्या आरंभी नजीब पोलिसांपासून पळत नाही; उलट पोलिसांनी आपल्याला पकडावे म्हणून चौकीबाहेर घुटमळतो. तुरुंग हाच घरी जाण्याचा रस्ता! हा विपरीत न्याय लेखकाने पहिल्याच प्रकरणात वाचकापुढे ठेवला आहे.

कादंबरीचा खरा गाभा मात्र अखेरीस उघडा पडतो. तुरुंगात मालक आपापले पळालेले मजूर ओळखण्यास येतात. नजीबचा अरबाबही येतो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि निघून जातो. नंतर कळते की, नजीब आपल्या व्हिसावरचा नाही, असे त्याने सांगितले. तीन वर्षांहून अधिक काळ ज्याने त्याला राबविले तो त्याचा कायदेशीर मालकच नव्हता. क्रूर मालकाच्या कथा पुष्कळ आहेत. पण येथे लेखक क्रौर्याच्या पलीकडे जातो. कागदाने माणूस दुसऱ्याच्या हवाली करता येतो, अशी रीत एकदा पडली की कागद नसलेलाही त्याला उचलून नेऊ शकतो, हे बेन्यामिन यांनी एका वाक्यात सिद्ध केले आहे.

आमच्या वाचक कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे, तो भाग नजीबच्या पत्रांचा. मनातल्या मनात तो पत्नीला पत्रे लिहितो आणि त्यांत आपण सुखात असल्याचे सांगतो. टपालात कधीही न पडणाऱ्या पत्रातसुद्धा त्याला खरे लिहिता येत नाही. घरच्यांना दुःख होऊ नये, ही माया त्यात आहेच. परंतु अपयश घेऊन गावात तोंड कसे दाखवावे, ही लाजही आहे. वसईपासून गोव्यापर्यंत आखातात माणसे धाडणाऱ्या आपल्या घरांना ही लाज परकी नाही.

नजीब शेळ्यांना गावाकडच्या माणसांची नावे देतो. होणाऱ्या मुलासाठी योजलेले ‘नबील’ हे नाव एका करडाला देतो. पुढे त्या करडाचे खच्चीकरण होते. हा प्रसंग वाचवत नाही, पण टाळताही येत नाही.

काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. नजीबची पत्नी सैनू ही केवळ पत्राची मायना बनून राहते. तिच्या वाट पाहण्याला लेखकाने शब्द दिलेले नाहीत. पळून जाताना वाट दाखविणारा सोमाली इब्राहिम खादिरी अचानक नाहीसा होतो आणि कथा चमत्काराकडे झुकते. नजीबची अल्लावरील श्रद्धा अस्सल उतरली आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. निर्गमाच्या ग्रंथात वाळवंटातून वाट काढणाऱ्या लोकांची प्रार्थना वाचणाऱ्यांना ती जवळचीच वाटेल. पण सुटका ही देवाची योजना म्हणताना गुलामगिरीही त्याच योजनेत जाऊन बसते, आणि मग माणसांनी केलेल्या अन्यायाचा जाब कोणी विचारायचा? श्रद्धेने नजीबला जगविले; लेखकाने तिच्यावर एवढा भार टाकावयास नको होता.

ब्लेसी यांनी २०२४ साली पडद्यावर आणलेला चित्रपट वाळवंटाचे भयाण रूप समर्थपणे दाखवितो, पण शेळ्यांशी जडलेले नाते आणि नजीबचा स्वतःवरच हसणारा सूर त्यात विरळ झाला आहे. चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे, असे आम्ही सुचवू.

सौदी अरेबियाने २०२१ साली नोकरी बदलण्याचे आणि देशाबाहेर जाण्याचे नियम सैल केले. पण घरकाम व शेतीकाम करणारे मजूर त्या सुधारणेबाहेर ठेवले गेले. नजीबसारखे गुराखी, म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज होती तेच, वगळले गेले. त्यामुळे ही कादंबरी जुन्या काळची हकिगत म्हणून बाजूला सारता येत नाही. ती वाचून झाल्यावर परदेशी निघालेल्या मुलाला पगाराचा आकडा विचारण्याआधी व्हिसावर कोणाचे नाव आहे, काम कोणते लिहिले आहे आणि पासपोर्ट कोणाच्या हाती राहणार आहे, हे आपण विचारू लागलो, तर एका चांगल्या पुस्तकाने आपल्या घरात आपले काम केले, असे आम्ही समजू.