राग कोणाचा: लेखकाचा की वाचणाऱ्याचा?

नेट आणि सेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण. त्यात साधारण पाच प्रश्न उताऱ्यावर, म्हणजे १० गुण. त्यातला 'लेखकाचा सूर कोणता?' हा प्रश्न बरेच जण अंदाजाने सोडवतात. गाईडमध्ये शब्दांची यादी असते: समीक्षात्मक, उपरोधिक, तटस्थ, आशावादी. यादी पाठ होते, पण सूर ओळखायचा कसा, हे त्यात नसतंच. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

एक उदाहरण घेऊ. उतारा मीच तयार केलाय:

"मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी भातसा शहापूर तालुक्यात आहे. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या काही पाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं. स्थानिक पाणीयोजना वेळेत पूर्ण झाल्या असत्या, तर ही वेळ कदाचित टळली असती."

पर्याय: संतप्त, उपरोधिक, समीक्षात्मक, तटस्थ.

शहापूर-मुरबाडकडच्या मुलाचा हात पटकन 'संतप्त'वर जाईल. साहजिकच आहे. घरात हंडे भरलेत, टँकरमागे धावलोय. पण तो राग आपला आहे, लेखकाचा नाही. पहिली दोन वाक्यं नुसती माहिती देतात. तिसऱ्यात लेखक दोष दाखवतो, पण 'कदाचित' म्हणून आवरतं घेतो. उत्तर: समीक्षात्मक.

आता प्रयोगशाळेत करतो तसं करू. बाकी सगळं तसंच ठेवायचं, फक्त तिसरं वाक्य बदलायचं.

ते काढूनच टाकलं, तर सूर तटस्थ.
"असं भाग्य सगळ्याच तालुक्यांना लाभत नाही" असं लिहिलं, तर उपरोधिक.
"आमच्या घशाला कोरड पाडणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?" असं लिहिलं, तर संतप्त.

विषय तोच, माहिती तीच, तरी उत्तरं वेगळी. म्हणजे सूर विषयात नसतो, शब्दनिवडीत असतो. म्हणून विशेषणं, 'पण', 'मात्र', 'तरीही', 'कदाचित' आणि शेवटचं वाक्य, एवढ्या जागा आधी तपासा. निवडलेल्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या एका तरी शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे. नाही आलं, तर तो पर्याय आपल्या मनातून आलाय.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे १९०८ साली दिसलं. मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला चालला. कलम १२४अ नुसार सरकारच्या कारभाराबद्दल नापसंती दाखवणं गुन्हा नव्हता, सरकारबद्दल द्वेष किंवा अप्रीती पसरवणं हा गुन्हा होता. म्हणजे सगळा प्रश्न लेखांच्या सुराचा. लेख ज्युरीपुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि त्या भाषांतरावरच टिळकांनी आक्षेप घेतला. ज्युरी ७ विरुद्ध २ अशी फुटली. टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं गेलं.

हे आपल्या परीक्षेलाही लागू आहे. सेटचा पहिला पेपर इंग्रजी आणि मराठीत असतो, आणि दोन्हींत फरक आढळला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. भाषांतरात माहिती सहसा टिकते, सूर सहज निसटतो. म्हणून उतारा मराठीत जरूर वाचा, पण सूर ठरवणारा शब्द इंग्रजीतही एकदा बघून घ्या. आणि पेपर काढणाऱ्यांनीही 'समीक्षात्मक' आणि 'चिकित्सक' असे चिकटून असलेले पर्याय शेजारी ठेवू नयेत. त्यातून वाचन तपासलं जात नाही, नशीब तपासलं जातं.

ही सवय १० गुणांपुरती नाही. उद्या पीएचडीसाठी पूर्वसंशोधनाचा आढावा लिहाल, तेव्हा एखाद्या लेखकाने 'या निकालांवरून असं वाटतं' इतकंच म्हटलेलं असेल आणि आपण 'सिद्ध केलं' असं लिहून मोकळे होऊ. तिथे चार पर्याय नसतात आणि चूक दाखवणारी उत्तरतालिकाही नसते. त्या वाक्यावर आपण पुढची तीन वर्षं उभी करतो. म्हणून जुने पेपर सोडवताना प्रत्येक उताऱ्यात सूर ठरवणारा शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि मगच पर्याय वाचा.