सबवूफर कोणता चांगला? आधी विचारा, तुलना नेमकी कशाची झाली

सबवूफरचं कुठलंही परीक्षण उघडा, एक वाक्य हमखास भेटतं: ‘संगीतासाठी सीलबंद, सिनेमासाठी पोर्टवाला.’ पोर्टवाला म्हणजे ज्याच्या खोक्याला हवा आत-बाहेर जायला नळी असते तो. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे वाक्य जरूर तपासावं, कारण असे निष्कर्ष पुढे प्रबंधांतही भेटणार आहेत.

मी स्वतः यात फसलोय. खांदेश्वरला मित्राच्या हॉलमध्ये आम्ही दोन्ही प्रकार उसने आणून ऐकले. सीलबंद टीव्हीखाली भिंतीच्या मध्ये, पोर्टवाला कोपऱ्यात. जागाच तेवढी होती. पोर्टवाल्यावर तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहिला. मी छातीठोकपणे निकाल दिला: संगीताला सीलबंदच. दुसऱ्या दिवशी सहज दोघांच्या जागा बदलल्या, तर घुमणंही जागा बदलून सीलबंदाकडे आलं!

म्हणजे मी खोक्यांची नाही, कोपऱ्याची आणि मधल्या जागेची तुलना केली होती. यालाच कन्फाउंडर म्हणतात: तपासायच्या गोष्टीबरोबर गुपचूप बदलणारी दुसरी गोष्ट.

गणित सोपं आहे. आपल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटांच्या लांबीला साधारण ३८ हर्ट्झ, १० फुटांच्या रुंदीला ५७ हर्ट्झ येतात. या वारंवारितांना लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमते. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की अशा सगळ्या घुमण्या जाग्या होतात. १० फुटी भिंतीच्या बरोबर मध्ये ठेवला, तर ५७ची घुमणी जवळपास गप्प राहते. वादक डग्ग्यावर मनगट दाबून स्वर चढवतो, तेव्हा तो स्वर अशा जागांवरून सरकतो. मध्येच फुगतो, मध्येच गायब होतो. दोष मात्र खोक्याला.

मग ते वाक्य खोटं का? पूर्ण नाही. सीलबंद खोक्याचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पोर्टवाला त्याच्या ठरावीक वारंवारितेपर्यंत जोर धरतो आणि नंतर २४ने कोसळतो. त्या ठरावीक वारंवारितेजवळ तो आवाज थोडा उशिराही सोडतो. पण काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. पोर्ट २० हर्ट्झच्या आसपास लावलेला असेल, तर तो उशीर त्या खर्जापासून फार खाली राहतो. सिनेमातल्या स्फोटांना ती खोली लागते, म्हणून तिथे पोर्टवाल्याचा फायदा खरा आहे. दाव्याचा अर्धा भाग टिकतो, अर्धा गळतो.

आता साहित्य बघू. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरेत हे तपासलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये दोन ठेवले, तरी वेगवेगळ्या आसनांवरचा फरक बराच कमी होतो. उत्तम काम! पण आपला हॉल बंद आयत आहे का? एका बाजूला पॅसेज, दुसरीकडे बाल्कनीचं सरकतं दार. शिवाय अमेरिकी घरांच्या जिप्सम भिंती थोडा बास गिळतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या तो परत फेकतात. निष्कर्ष बरोबर असूनही इथे जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

आणखी एक. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना ऐकवले. दिसू लागल्यावर लोकांनी दिलेले गुण बदलले. मी तर दोन्हींचा आवाजही समान केला नव्हता. बासमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरकसुद्धा कानाला मोठा वाटतो.

मग घ्यायचा कसा? सबवूफर आधी सोफ्यावर ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे बास सगळ्यात सारखा वाटेल, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो, हे त्यामागचं तत्त्व. जागा ठरली की दोन्ही खोकी तिथेच, समान आवाजात, कोणतं वाजतंय हे न बघता ऐका. खालच्या मजल्यावरच्यांनाही एकदा विचारा, कारण स्लॅबमधून सगळ्यात आधी बासच उतरतो.

आम्ही हे केल्यावर डग्ग्यातला फरक इतका उरला की माझा निकाल मलाच मागे घ्यावा लागला. पुढचा पेपर वाचताना ‘अ हे ब पेक्षा चांगलं’ दिसलं, की पेन्सिलने समासात लिहा: कोपऱ्यात कोण होतं?