दोन पुस्तकं, दोन वाटा : योग परदेशी गेला, मग आपलं काय गेलं?

आज आम्ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोलणार आहोत. एक, बी. के. एस. अय्यंगार यांचं ‘लाइट ऑन योगा’. दुसरं, आपल्या नागपूरच्या जनार्दनस्वामींचं ‘सुलभ सांघिक आसने’. विषय एकच, पण वाचक वेगळा, आणि म्हणून पुस्तकाचा स्वभावही वेगळा.

अय्यंगार पुण्यात शिकवत होते. १९५२ साली त्यांची व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याशी भेट झाली, आणि त्यातून युरोपची वाट उघडली. ‘लाइट ऑन योगा’ १९६६ साली लंडनहून इंग्रजीत निघालं. प्रस्तावना मेन्युहिन यांची. दोनशेच्या आसपास आसनं, सहाशेच्या आसपास छायाचित्रं. गुरू हजारो मैल दूर आहे, विद्यार्थी घरात एकटा आहे, हे गृहीत धरून केलेलं हे काम आहे. पाऊल किती वळवायचं, गुडघा कुठे ठेवायचा, सगळं सांगितलेलं. परदेशी वाचकासाठी ही बारकाई आली, आणि तिचा फायदा शेवटी मराठी साधकालाही झाला.

जनार्दनस्वामींच्या पुस्तकाचं नावच बघा. सुलभ आणि सांघिक. इथे साधक एकटा नाही. हुकूम दिला की सगळ्यांनी एकदम करायचं, आणि म्हाताऱ्या माणसालाही झेपलं पाहिजे. रामनगरच्या योगाभ्यासी मंडळाची परंपरा शुल्क न घेता शिकवण्याची. तिथे शिकलेला माणूस पुढे दुसऱ्याला शिकवतो. पण कबूल करायला हवं, की एखादं आसन तुमच्या शरीराला का जमत नाही, याचं उत्तर अय्यंगारांकडे जास्त मिळतं. अवघड ते सोपं करण्याची किंमत असते, बरं का.

आता नेहमीची तक्रार : ‘आमचा योग परदेशात विकला.’ आम्हाला ही तक्रार अर्धीच पटते. संत्र्याची पेटी सीमेपार गेली की ती आपल्या ताटात उरत नाही. तिचे पैसे येतात, आणि व्यापाराचा फायदा तिथे मोजता येतो. रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन हेच समजावलं. ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने करावं, बाकीचं घ्यावं, दोघांचं भलं होतं. पण आसन संत्र्यासारखं नाही. ते लंडनला शिकवलं म्हणून नागपुरात कमी होत नाही. उलट जाणं-येणं झालं की भर पडते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, तेव्हा पाश्चात्त्य शरीरशास्त्राची साधनं त्यांनी बेधडक वापरलीच की!

मग बिघडतं कुठे? बाजार वस्तू निवडून घेतो. गीतेने कर्म, ज्ञान, भक्ती अशा वाटा सांगितल्या. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं ते कर्मयोगावर भर देत. इथून जवळच पवनारला विनोबांनी तो जगून दाखवला. या वाटांची तासावर फी लावता येत नाही. आसनाची लावता येते. म्हणून आसन जगभर गेलं आणि अपरिग्रह मागे राहिला. गंमत म्हणजे, ‘लाइट ऑन योगा’च्या सुरुवातीलाच यम-नियम आणि हे सगळे मार्ग आहेत. दोष पुस्तकाचा नाही. आपण वाचक ती पानं उलटून थेट चित्रांवर जातो.

आमचं म्हणणं एवढंच. व्यापाराला शिव्या देऊन काही वाचणार नाही. जे विकलं जात नाही ते फक्त कुणीतरी फुकट करत राहिल्यानेच टिकतं. पहाटे मैदानावर येऊन वर्ग घेणारा कार्यकर्ता म्हातारा झाला आणि त्याच्या जागी कुणी उभं राहिलं नाही, तर ते नुकसान परदेशाने केलेलं नसेल. ते आपणच केलेलं असेल. तेव्हा दोन्ही पुस्तकं घरी ठेवा. एक स्वतः शिकायला, आणि दुसरं शेजाऱ्याला शिकवायला.